अडीच सेंटिमीटर

शिंप्याच्या गळ्यात दोन्ही बाजूंनी लोंबत असतो ना, तोच मी. टेप. एका अंगाला साठ इंच, दुसऱ्या अंगाला दीडशे सेंटिमीटर, आणि दोन्ही टोकांना पितळी पत्रा. तुम्ही मला कधी नीट पाहिलं नसेल. माप देताना माणूस आरशात बघतो, नाहीतर छताकडे.

आज मी माझी हकिकत सांगायला बसलोय खरा, पण सांगून हलकं वाटेल याची खात्री नाही. मी आयुष्यात एकदा मोठं खोटं बोललो. ते खोटं होतं की नव्हतं, त्यानं कुणाचं वाईट झालं की भलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा मी गोंदियाच्या बाजारात, बटणं आणि दोऱ्याच्या रिळांच्या शेजारी, बारा भावंडांच्या पुडक्यात होतो. तिथून ईश्वरदास यांनी मला उचललं. गोंदियाजवळच्या मुर्री गावात त्यांचं घर, मागे थोडी धानाची शेती आणि पुढे पत्र्याच्या छपराचं शिलाईचं दुकान. अकरा वर्षं मी त्यांच्या गळ्यात राहिलो. त्यांची बायको शकुंतलाबाई म्हणायच्या, की यांना जेवताना तरी तो टेप काढता येत नाही.

ईश्वरदास कमी बोलायचे आणि माप घेताना त्याहून कमी. कमरेशी मला गुंडाळलं की गिऱ्हाईक हटकून पोट आत ओढायचं. शाळकरी पोरंही ओढायची, म्हातारेही ओढायचे. मग ईश्वरदास धानाची, नाहीतर कालव्याच्या पाण्याची गोष्ट काढत. बोलता बोलता माणसाचा श्वास सुटायचा, पोट पुढे यायचं, आणि तेवढ्यात ते आकडा वाचून घेत. वहीत लिहिताना चेहऱ्यावर काही दिसू देत नसत. कापताना मात्र आतून शिलाईत दोन बोटं जास्तीचं कापड सोडत. त्याला माया म्हणतात. हल्ली पोरांच्या पँटींना माया जास्त सोडावी लागते, एवढं एकदा ते शकुंतलाबाईंना म्हणाले होते.

मे महिन्यात पत्रा तापायचा, मी मऊ पडायचो. घामानं भिजायचो, वाळायचो. दिवसातून तीस-चाळीस वेळा मला कुणाच्या ना कुणाच्या अंगावर ताणून धरलं जायचं. मला वाटायचं, यालाच काम म्हणतात.

त्यांची मुलगी भूमिका. गोंदियाच्या एका कॉलेजात आहारशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला प्रकल्प करायचा होता: कॉलेजातली मुलं काय खातात, किती हिंडतात, किती झोपतात, आणि त्यांच्या हृदयाला पुढे किती धोका आहे. एकशेवीस मुलामुलींचं वजन, रक्तदाब आणि कमरेचं माप घ्यायचं होतं. वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र विभागात होतं. टेपचे मात्र आकडेच पुसून गेले होते.

भूमिकानं बाबांना विचारलं, तर त्यांनी गळ्यातून मला काढून तिच्या हातात दिलं. ते पंधरा दिवस त्यांनी आधी कापून ठेवलेलेच कपडे शिवले.

कॉलेजात माझा पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला. अकरा वर्षं मी कंबर म्हणजे पँट जिथे अडकते ती जागा समजत होतो. भूमिकाच्या हर्षा मॅडमनी सांगितलं, की ती कंबर नव्हे. शेवटच्या फासळीच्या खाली आणि कमरेच्या हाडाच्या वर, बरोबर मध्यावर टेप धरायचा, श्वास सोडला की वाचायचं. पुरुषांना नव्वद सेंटिमीटरच्या आत, बायकांना ऐंशीच्या आत. त्यापुढे गेलं तर हृदयाचा धोका वाढतो. मी ऐकत राहिलो. आजार हृदयाचा, ते असतं छातीत, आणि माप माझ्याकडून पोटाचं. शिंप्याच्या हाताखाली वाढलेल्याला हे कसं कळावं?

भूमिका एकेकाला बाकावर बसवून फॉर्म भरून घ्यायची. सकाळी काय खाल्लं? बहुतेकांचं उत्तर एकच, की काही नाही, नाहीतर चहा-टोस्ट. अकरा वाजता कँटीनमध्ये समोसा नाहीतर तर्री-पोहे. दुपारी डब्यातला भात. संध्याकाळी चौकातल्या गाडीवर चाऊमीन, वर थंड पेय. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खातो का, असं विचारलं की मुलं आधी हसायची, मग दाराकडे बघायची, आणि मग हळूच दिवसाला दोन म्हणायची. भूमिका चार लिहायची का दोन, ते मी पाहिलं नाही. एक मुलगा म्हणाला, त्याला व्यायाम भरपूर होतो, कारण वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहेत. तो रोज लिफ्टनं जायचा, हे त्याच्या मित्रानं सांगितलं.

आकडेही सरळ बोलत नव्हते. एक जाडजूड मुलगा रोज गाव ते कॉलेज सायकलनं यायचा आणि त्याचा रक्तदाब अगदी हवा तसा. एक काडीसारखी मुलगी, कंबर पासष्ट, आणि रक्तदाब चढलेला. ती जेवणच टाळायची आणि जागरणं करायची. मी काय मोजतोय आणि काय मोजत नाहीये, ते मला कळेना. भूमिकालाही कळत नव्हतं. ती मला बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत बसायची.

नवव्या दिवशी हिमांशू आला. जवळच्या कामठा गावचा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, गोंदियात खोली घेऊन राहणारा. बाकीची मुलं हसतखेळत यायची. हा एकटा आला आणि बसण्याआधीच म्हणाला, की त्याचे वडील यादोराव दोन वर्षांपूर्वी गेले. धान विकायला सरकारी खरेदी केंद्रावर रांगेत उभे होते, तिथेच खाली बसले आणि उठले नाहीत. वय सेहेचाळीस. तेव्हापासून आई मागे लागली होती, की तूही एकदा डॉक्टरला दाखव. तो टाळत होता. माप फुकटात घेतात असं ऐकलं, म्हणून इथे आला होता.

त्यानं पोट आत ओढलं नाही. एकशेवीस जणांत तो एकटाच असा, की मला गुंडाळल्यावर त्यानं डोळे मिटले आणि सगळा श्वास सोडून दिला. भूमिकानं वाकून वाचलं. एकोणनव्वद.

"दीदी, नव्वदच्या आत आहे ना?"

"आत आहे."

त्यानं पुन्हा एकदा विचारलं आणि भूमिकानं पुन्हा तेच सांगितलं. रक्तदाब थोडा जास्त होता, तो तिनं दोनदा घेतला, आणि महिन्याभरात एकदा दाखवून घे असंही म्हणाली. पण ते त्याच्या कानात शिरलं नाही. बाहेर व्हरांड्यात जाऊन त्यानं आईला फोन लावला. दार उघडं होतं.

"आई, माप झालं. बराबर हाय. आता डॉक्टरकडे जाचं काम नाई."

मी खूश झालो, हे लपवत नाही. आजवर मी माणसांना कपडे दिले होते, निश्चिंती पहिल्यांदाच दिली होती.

मोजणी संपली. भूमिकानं कॉलेजच्या वाटेवर बाबांसाठी एक नवा टेप घेतला, कोरा करकरीत पिवळा. पंधरा दिवस आपल्यामुळे त्यांचं काम अडलं, म्हणून. घरी येऊन तिनं आम्हा दोघांना कापायच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. टोकाला टोक लावलं आणि सहज हात फिरवत नेला. शंभरच्या आकड्यापाशी तिचा हात थांबला. नव्याचा शंभर अलीकडे होता, माझा पलीकडे. तिनं पट्टी आणून ती तफावत मोजली. अडीच सेंटिमीटर.

मला आधी वाटलं, नवा टेप आखूड निघाला. ती आत जाऊन तिच्या शाळेतली लाकडी मीटरपट्टी घेऊन आली. नवा टेप पट्टीशी बरोबर जुळला. मी जुळलो नाही.

तिनं बाबांना हाक मारली. ईश्वरदासांनी चष्मा लावून पाहिलं आणि त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

"जुना हाय, ताणला असंल. मी याच्यानंच मोजतो अन् याच्यानंच कापतो. दोन्हीकडे सारखंच चुकते, मंग कपडा बराबर बसते. तू कायले घाबरून राहिली?"

"मी याच्यानं मोजलं बाबा. पण नव्वदचा आकडा याच्यावरचा नव्हता. तो खऱ्या टेपावरचा होता."

ईश्वरदासांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी मला उचललं, बोटांमध्ये धरून ओढून पाहिलं, जसं आपण स्वतःच्याच दातांना हात लावून पाहतो. मग विचारलं, की ज्या पोरांची मापं घेतली त्यांचं आता काय होणार.

माझी अवस्था काय सांगू? मी जाणूनबुजून एक दोराही वाढलो नव्हतो. मला रोज ताणलं आणि मी ताणला गेलो. माझ्या अंगावरचे आकडे होते तिथेच होते. त्यांच्यामधली जागा तेवढी मोठी झाली होती, आणि ती मला आतून कधी जाणवली नाही. नव्वद म्हणताना मी नव्वदच म्हणत होतो. मग मी खोटा कसा? आणि मी खरा असेन, तर ती मुलगी अशी डोकं धरून का बसली होती?

दुसऱ्या दिवशी तिनं हर्षा मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, की मोजण्याआधी टेप तपासायचा असतो, हे शिकवायचं राहिलं, ती चूक दोघींची. सगळे आकडे हिशेबानं दुरुस्त करता येतील, आणि तसं अहवालात स्पष्ट लिहायचं. भूमिका म्हणाली, की कागदावर होईल दुरुस्त, पण जे आपण ठीक आहोत असं समजून घरी गेले त्यांचं काय? मॅडम म्हणाल्या, की तू सांगितलंस, आता तूच पुन्हा सांग.

असे चौदाजण निघाले. माझ्या मापानं आत, खऱ्या मापानं बाहेर. तिनं एकेकाला शोधून काढलं. कुणी हसून सोडून दिलं, म्हणालं की अडीच सेंटिमीटरनं काय होतं. एक मुलगी रडली. एक मुलगा म्हणाला, त्या दिवशी बराबर हाय असं काऊन सांगितलं मंग. तेरा झाले. चौदावा हिमांशू. तो धान काढायला गावी गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

रविवारी सकाळी ईश्वरदासांनी गाडी काढली. मी एकटी जाते असं भूमिका म्हणत होती, पण ते म्हणाले, टेप माझा होता. तिच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, फॉर्म, नवा टेप आणि मी. मला का घेतलं, माहीत नाही. बहुधा दाखवायला.

कामठ्याला हिमांशूच्या अंगणात धानाच्या पेंढ्याचा, तणसाचा ढीग होता आणि तो पोती शिवत होता. दीदी घरी आली म्हणून आधी तो लाजला. मग भूमिकानं दोन्ही टेप खाटेवर शेजारी ठेवून त्याला दाखवले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. नव्या टेपानं माप घेतलं. एक्क्याण्णवच्या जरा वर.

तो बराच वेळ दोन्ही टेपांकडे बघत राहिला. त्यानं आवाज चढवला नाही, पण मला तो आवाज अजून ऐकू येतो.

"त्या दिवशी आत होतो, आज बाहेर आहे. मी तर तोच आहे, दीदी. मी कोणावर भरोसा ठेवू?"

ईश्वरदास खाटेच्या कडेला टेकले आणि म्हणाले, की माझ्यावर रागव, तिच्यावर नको. मी अकरा वर्षांत एकदाही पट्टी लावून पाहिली नाही. हिमांशू त्यांच्यावरही रागावला नाही. त्याला भीती वाटत होती, ती कुणावर काढावी हे त्याला समजत नव्हतं. वडिलांचा फोटो मागच्या भिंतीवर होता, तिकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

हात कामात असले की मन थाऱ्यावर राहतं म्हणून असेल, भूमिकानं रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि फॉर्म पुन्हा भरायला घेतला. एकेक प्रश्न वाचू लागली. चालताना दम लागतो का? नाही. जिना चढताना? नाही. छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं जड वाटतं का, आणि थांबलं की कमी होतं का? नाही, हिमांशू म्हणाला.

"मले वाट्टे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. हिमांशूची आई रुख्मा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. बारीक चणीची, उन्हानं रापलेली बाई. ती आपल्याला कुणी काही विचारलं असावं अशा साधेपणानं बोलली होती.

भूमिकानं फॉर्म खाली ठेवला. कधीपासून, असं तिनं विचारलं.

"याचा बाप गेला तवापासून. डोक्यावर भारा घेऊन चालली का छाती भरून येते, बसली का जाते. मी समजत होती, दुःखाचं हाय."

हिमांशू उठून उभा राहिला होता. आई दोन वर्षं त्याला डॉक्टरकडे जा म्हणत होती, आणि तिचं स्वतःचं तिनं दुःखाच्या खाती टाकून दिलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. भूमिकाचा प्रकल्प कॉलेजातल्या मुलांचा होता. ती त्यात कुठे बसत होती?

भूमिकानं नव्या टेपानं तिचं माप घेतलं. शहात्तर. रेषेच्या चांगलंच आत. मी नव्याकडे पाहिलं. तो खराच होता, त्यात अर्धा दोराही खोट नव्हती. मग तिनं रक्तदाब घेतला, दोनदा घेतला. वरचा आकडा एकशे अडुसष्ट.

ईश्वरदासांनी गाडीची किल्ली हातात घेतली आणि आजच जायचं म्हणाले. रुख्मा म्हणत होती, धान उघड्यावर हाय. शेजारच्यांनी धान सांभाळायचं कबूल केलं, तेव्हा ती लुगडं बदलून आली. मायलेक दोघं हिमांशूच्या गाडीवर, बापलेक ईश्वरदासांच्या. मी पिशवीतून हिमांशूची पाठ बघत होतो. गावाबाहेर येईपर्यंत तो फार हळू गाडी चालवत होता, जणू मागे काचेचं सामान आहे.

पुढचं मी दुकानात खिळ्यावर लटकून ऐकलं, भूमिका बाबांना सांगायची तेव्हा. गोंदियाच्या दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली आणि लगेच नागपूरला पाठवलं. हृदयाची एक नस बरीचशी बंद झाली होती. ती उघडून आत जाळी बसवली. आठवड्यानं रुख्मा घरी आली. हिमांशूचीही तपासणी झाली. त्याला औषध लागलं नाही, पण रक्तात चरबी जास्त आहे, खर्रा आजपासून बंद, रोज चालायचं आणि तीन महिन्यांनी परत यायचं, असं सांगितलं. आता तो रोज कामठ्याहून येऊन-जाऊन करतो. सकाळी आईला धरून कालव्यापर्यंत चालवतो आणि स्वयंपाकात तेल किती पडतं ते उभं राहून बघतो. रुख्माला त्याचा फार त्रास होतो, असं तिनं भूमिकाला फोनवर सांगितलं.

आणि मी? ईश्वरदासांनी नवा टेप गळ्यात घातला. पहिले काही दिवस त्यांची मापं चुकली, कारण बोटांना माझी सवय होती. मला फेकायचं त्यांच्यानं झालं नाही. महिनाभर खिळ्यावर होतो. मग शकुंतलाबाईंनी परसात वालाचा वेल मांडवाला बांधायला काहीतरी चिवट शोधलं, तेव्हा मी हाताशी लागलो. आता मी तिथे आहे. साठ इंचातले वीस तिथे, बाकीचे वाऱ्यावर. उन्हानं आकडे पुसट होत चाललेत. वेल वाढतो, आणि मी अजूनही ताणलाच जातोय. पण इथे कुणी त्याबद्दल काही विचारत नाही.

दिवसभर टांगलेल्याला विचार करायला वेळ पुष्कळ. मी पुन्हा पुन्हा एकाच जागी अडकतो. मी खरा असतो, तर हिमांशूला त्याच दिवशी एक्क्याण्णव कळलं असतं. तो एकटा डॉक्टरकडे गेला असता, गोळ्या नाहीतर सल्ला घेऊन आला असता. मग भूमिका कामठ्याला कशाला गेली असती? तो प्रश्न त्या अंगणात कुणी मोठ्यानं वाचला असता का? मग माझ्या चुकीनं रुख्मा वाचली, असं म्हणू? म्हणवत नाही. त्या तेरा जणांत कुणी एखादा माझा आकडा मनाशी धरून अजून निर्धास्त हिंडत असेल, तर त्याचं कुणाला कळणार? मी दोषी आहे की नाही, हे मी माझ्याच अंगावर मोजू शकत नाही. तेवढं मला आता समजलं आहे, बाकी काही नाही.

कॉलेजातल्या मुलांनो, तुम्ही मोजून घ्या. कंबर मोजा, रक्तदाब मोजा, आधी टेपही मोजा. पण आकडा आत आला म्हणून तिथेच उठू नका. चहा घेऊन दारात जी कुणी उभी असेल, तिलाही विचारा, चालताना छातीत कसं वाटतं ते. ती आपणहून सांगेलच असं नाही.